बावीसचा चौरस

प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचे निधन झाले तेव्हा देशात टाळेबंदी होती. तारीख २१ एप्रिल २०२०. वृत्तपत्रांची जी काही पाने छापली जात होती ती रुग्णसंख्येने व्यापलेली होती. १०२ वर्षांचे आयुष्य जगलेल्या एका गणितज्ञाच्या मृत्यूला त्यात कितीशी जागा मिळणार? पण सगळा दोष करोनावर ढकलून मोकळे होता येत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांची शंभरी पूर्ण झाली तेव्हा टाळेबंदी नव्हती. तेव्हाही महाराष्ट्राने त्यांची फारशी वास्तपुस्त केल्याचे स्मरत नाही. रँग्लर परांजपे आम्हाला माहीत असतात, देवळालीच्या कापरेकरांचा ६१७४ हा अंक शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. ज्या माणसाने मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभा केला आणि ज्याच्या नावाचा सिद्धान्त जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, त्याचे नाव मात्र गणिताच्या वर्तुळाबाहेर कोणी घेत नाही. येत्या १९ ऑक्टोबरला श्रीखंडे यांची जयंती आहे. या निमित्ताने त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या आडून आमच्या विद्यापीठांबद्दल चार शब्द.

श्रीखंडे यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती २६ एप्रिल १९५९ या तारखेपासून सुरू करतात. त्या रविवारी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर गणिताची एक बातमी छापली. राजेंद्रचंद्र बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी लिओनार्ड ऑयलर या अठराव्या शतकातील महान गणितज्ञाचा एक अंदाज खोटा ठरवला होता. त्यानंतर या तिघांना गमतीने ऑयलरचा बेत उधळणारे म्हटले जाऊ लागले. भारतीय माणसाने ऑयलरला धूळ चारली, असा सूर आपल्याकडे अशा वेळी हमखास लागतो. तो लावू नये. ऑयलर हरला नाही. त्याने एक उत्तम प्रश्न विचारला आणि त्याचे चुकीचे उत्तर सुचवले. प्रश्न उत्तम नसता तर पावणेदोनशे वर्षे कोणी त्यामागे लागले नसते.

प्रश्न साधा दिसतो. सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचा एकेक, असे छत्तीस अधिकारी घ्यायचे आणि सहा ओळी, सहा रांगा अशा चौरसात उभे करायचे. अट एवढीच की कोणत्याही ओळीत किंवा रांगेत एका पलटणीचे दोन किंवा एका हुद्द्याचे दोन अधिकारी येता कामा नयेत. म्हणजे खरे तर दोन चौरस आहेत, एक पलटणींचा आणि एक हुद्द्यांचा, आणि ते एकमेकांवर असे ठेवायचे आहेत की प्रत्येक जोडी नेमकी एकदाच यावी. यातल्या एकेका चौरसाला लॅटिन चौरस म्हणतात. सकाळच्या वृत्तपत्रातले सुडोकू सोडवणारा प्रत्येक वाचक रोज एक लॅटिन चौरसच भरत असतो. अशा दोन चौरसांची परस्परांशी मोट बांधणे हे मात्र निराळे काम आहे.

तीन, चार, पाच, सात, आठ, नऊ यांची मोट बांधता येते. विषम संख्या आणि चारच्या पटीतल्या संख्या यांचे काय करायचे हे ऑयलरला माहीत होते. दोनचे जमत नाही हे कागदावर क्षणात दिसते. सहाचे त्याला जमेना. १७८२ साली छापलेल्या, बऱ्याच लांबलचक निबंधात त्याने अंदाज बांधला की सहाचे जमणारच नाही, आणि दहा, चौदा, अठरा, बावीस अशा चाराने भागून दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येचे जमणार नाही. त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, पण तर्क शाबूत होता. सहापुरता तो बरोबरही निघाला. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी गॅस्तों तारी या अल्जीरियात नोकरी करणाऱ्या फ्रेंच गृहस्थाने सगळ्या शक्यतांचे गट पाडून, एकेक हाताने तपासून, छत्तीस अधिकारी कधीच नीट उभे राहू शकत नाहीत हे सिद्ध केले. त्यानंतर लोकांनी उरलेला अंदाजही मनोमन स्वीकारून टाकला. त्याच्या ‘सिद्धता’सुद्धा छापून आल्या. त्या चुकीच्या होत्या, पण निष्कर्ष ऑयलरचा असल्यामुळे त्यांच्यावर अविश्वास दाखवायला कोणाला फारशी घाई नव्हती.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट शेतातून गेली, हा या गोष्टीतला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग. ज्वारीच्या चार वाणांपैकी कोणते सरस हे ठरवायचे आहे. शेताचे सोळा वाफे केले. एका बाजूला ओल जास्त, दुसऱ्या बाजूला माती हलकी. एक वाण सगळा ओलीच्या बाजूला पेरला तर तो वाणामुळे फोफावला की पाण्यामुळे, हे कळणार नाही. म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा आणि प्रत्येक रांगेत एकदा पेरायचा. ओल आणि माती यांचा पक्षपात आपोआप फिटतो. हाच लॅटिन चौरस. त्याच वाफ्यांवर चार खतेही तपासायची असतील तर दुसरा चौरस पहिल्यावर ठेवायचा. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीचे हे शास्त्र रचले. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते रुजले. तेथे बोस यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले की चौरसाची बाजू एखाद्या मूळ संख्येचा घात असेल, तर शक्य तितके सगळे लॅटिन चौरस परस्परांशी जुळवता येतात. त्यासाठी त्यांनी गाल्वा या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रांचे निखळ, अमूर्त बीजगणित वापरले. ज्वारीचे वाण आणि गाल्वा यांचा संबंध असा जुळला.

बोस यांचा जन्म होशंगाबादचा, श्रीखंडे यांचा सागरचा. दोन्ही गावे आजच्या मध्य प्रदेशात. सागरशी मराठी माणसाचे नाते पेशवाईतल्या गोविंदपंत बुंदेल्यांपासूनचे. श्रीखंडे यांच्या विद्यार्थिदशेत तो सारा मुलूख मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. साहजिकच श्रीखंडे शिकायला नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात आले, बी. एस्सी. ऑनर्सला पहिले आले, सुवर्णपदक मिळवले. पुढे काही काळ कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत बोस यांच्या सहवासात राहिले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. बोस १९४९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील सांख्यिकी विभागात गेले. श्रीखंडे यांनी १९५० मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तेथे पीएच. डी. मिळवली.

त्याच वर्षी त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगांच्या आखणीतल्या काही विशिष्ट प्रकारच्या सममित रचना अस्तित्वातच असू शकत नाहीत, हे त्यात सिद्ध केले होते. ब्रक, रायसर आणि चावला यांच्या नावाने आज प्रसिद्ध असलेल्या सिद्धान्ताचा एक भाग श्रीखंडे यांनी स्वतंत्रपणे गाठला होता. अमुक एक गोष्ट होऊ शकत नाही, हे सिद्ध करणे त्यांना चांगले अवगत होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कारण नऊ वर्षांनी त्यांनी नेमके उलटे केले. जे होऊ शकत नाही असे सगळे धरून चालले होते ते करून दाखवले. ज्याला अशक्यतेची खरी सिद्धता कशी असते हे माहीत असते, त्यालाच खोटी सिद्धता लवकर ओळखू येते.

मधली काही वर्षे ते नागपूरला विज्ञान महाविद्यालयात शिकवत होते. १९५८ मध्ये पुन्हा चॅपल हिलला गेले. याच सुमारास पार्कर यांनी एक अनपेक्षित काम केले होते. जुन्या हिशेबाने एकवीसच्या बाबतीत दोनहून अधिक चौरस परस्परांशी जुळतील अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पार्कर यांनी चार जुळवून दाखवले. बोस आणि श्रीखंडे यांनी हे पाहिले आणि पद्धतीला धार लावली. पहिला तडा गेला तो बावीसच्या चौरसावर.

ती रचना सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात अवजड गणित जवळपास नाही. टॉमस कर्कमन या इंग्रज पाद्र्याने १८५० मध्ये एक कोडे घातले होते. पंधरा मुली सात दिवस रोज तिघी-तिघींच्या रांगेने फिरायला जातात. अशी व्यवस्था करा की कोणत्याही दोघी आठवड्यातून नेमक्या एकदाच एका रांगेत येतील. हे जमते. रोज पाच तिकड्या, सात दिवसांत पस्तीस. आता प्रत्येक वाराला एक नवी खूण द्या आणि ती खूण त्या दिवसाच्या पाचही तिकड्यांत चौथी म्हणून घाला. तिकड्यांच्या चौकड्या झाल्या. सात खुणांचा एक निराळा गट करा. मुली पंधरा, खुणा सात, एकूण बावीस. आणि या बाविसांपैकी कोणतेही दोन उचलले तरी ते नेमक्या एकाच गटात एकत्र सापडतात, मग तो गट चौघांचा असो वा सातांचा. चारचे आणि सातचे चौरस जुळतात हे तर आधीपासून माहीत होते. ते छोटे तुकडे या गटांच्या नकाशाबरहुकूम गोधडीसारखे शिवले की बावीसचा चौरस तयार. व्हिक्टोरियन काळातले मनोरंजनाचे कोडे आणि शेतीप्रयोगांची आखणी यांच्या मदतीने ऑयलरचा अंदाज कोसळला. हे वाचून असे वाटते की हे कोणालाही सुचले असते. तसे वाटणे ही उत्तम गणिताची खूण. कोणालाही सुचले नव्हते, हे सत्य.

लगोलग पार्कर यांनी दहाचा चौरस जुळवला. पार्कर तेव्हा युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीत होते, पण दहाचा चौरस त्यांनी संगणकाने शोधला नाही, कागदावर शोधला. कॅलिफोर्नियातील एका संगणकाने याच दहाच्या मागे शंभरहून अधिक तास घालवले होते आणि त्याच्या हाती काही लागले नव्हते. मग तिघांनी मिळून काम पुरे केले: दोन आणि सहा सोडले तर प्रत्येक संख्येचा चौरस जुळतो. १९६० मध्ये हा निबंध कॅनडाच्या गणित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधीच, नोव्हेंबर १९५९ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर पार्कर यांचा दहाचा चौरस रंगांत झळकला होता. पुढे जॉर्ज पेरेक या फ्रेंच कादंबरीकाराने १९७८ मधल्या आपल्या प्रचंड कादंबरीचा आराखडा दहाच्या अशाच जोडचौरसावर बेतला. गणित्यांचे शोध कुठे जाऊन उगवतील याचा नेम नसतो.

त्याच १९५९ मध्ये श्रीखंडे यांनी एकट्याच्या नावावर आणखी एक काम केले. ते वृत्तपत्रात आले नाही, पण त्याने त्यांचे नाव ग्राफ सिद्धान्तात कायमचे केले. चौरसाच्या घरांचे एक जाळे घ्या, एका ओळीतली किंवा एका रांगेतली घरे परस्परांना जोडलेली. या जाळ्याचे गुणधर्म आकड्यांत लिहिले तर त्या आकड्यांवरून तेच जाळे परत मिळते का? श्रीखंडे यांनी सिद्ध केले की मिळते, फक्त चार बाय चारचा अपवाद सोडून. तेथे एक तोतया आहे. सोळा बिंदू, प्रत्येक बिंदू सहा बिंदूंशी जोडलेला, कोणत्याही दोन बिंदूंचे शेजारी सामाईक म्हणून मोजावेत तर नेमके दोन. आकडे तंतोतंत तेच, जाळे मात्र निराळे. याला जग ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणते. सर्वसाधारण सिद्धान्तावर समाधान न मानता त्यातल्या एकुलत्या एका अपवादापर्यंत जाऊन त्याला हुडकून काढणे, हा त्यांचा स्वभाव या एका कामात स्वच्छ दिसतो.

येथवरची गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. पहिल्या पानावर नाव झळकलेले, चाळिशी नुकतीच ओलांडलेली, अमेरिकी विद्यापीठे हवे ते देतील अशी वेळ. बोस अमेरिकेतच राहिले आणि त्यात गैर काही नव्हते. श्रीखंडे परतले. १९६० मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक झाले, म्हणजे रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर यांनी नावारूपाला आणलेल्या विभागात. १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख म्हणून ते आले आणि १९७८ पर्यंत, सलग पंधरा वर्षे, तेथे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचे ते संस्थापक संचालक.

त्या काळच्या मुंबईत गणित म्हटले की कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे बोट दाखवले जाई, आणि ते योग्यच होते. संख्यासिद्धान्त, बैजिक भूमिती यांत त्या संस्थेने जागतिक दर्जाचे काम केले. पण तिच्या प्रतिष्ठेची एक दुसरी बाजू होती. संशोधन हे संस्थांनी करायचे आणि विद्यापीठांनी परीक्षा घ्यायच्या, अशी एक वाटणी देशात मुकाट्याने होऊन बसली. त्यातही श्रीखंडे यांचा विषय कॉम्बिनेटोरिक्स. रचना, मोजणी, जुळवाजुळव यांचे हे गणित तेव्हा कोड्यांचा आणि सांख्यिकीवाल्यांचा प्रांत समजले जाई. खानदानी गणित्यांच्या पंक्तीत त्याला पाट नव्हता. संगणकशास्त्राने, संदेश सुरक्षित पोचवणाऱ्या कोडिंगच्या शास्त्राने या विषयाला पुढे जे दिवस दाखवले ते तेव्हा कोणाच्या स्वप्नात नव्हते. १९५९ मध्येच बोस आणि श्रीखंडे यांनी हादामार सारण्या आणि कोड यांचा संबंध दाखवणारे टिपण लिहिले होते, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे जी जागा संशोधनाची मानली जात नव्हती तेथे, जो विषय प्रतिष्ठेचा मानला जात नव्हता तो घेऊन, श्रीखंडे यांनी एक घराणे उभे केले. नवीन सिंघी त्यांचे विद्यार्थी. वासंती भट-नायक यांनी १९७० मध्ये त्यांच्याकडे पीएच. डी. केली, विद्यापीठातच शिकवले आणि पुढे त्या याच विभागाच्या प्रमुख झाल्या. मुंबईच्या विद्यापीठात एका स्त्रीने कॉम्बिनेटोरिक्समध्ये संशोधन करून गणित विभागाचे नेतृत्व करणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. श्रीखंडे यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे अमेरिकेत सेंट्रल मिशिगन विद्यापीठात याच विषयाचे प्राध्यापक झाले. त्यांनी आणि मुंबई विद्यापीठाच्या शरद साने यांनी मिळून १९९१ मध्ये अर्ध-सममित रचनांवर जे पुस्तक लिहिले ते केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढले. निवृत्तीनंतर १९८३ ते १९८६ या काळात श्रीखंडे अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालक होते. तीच आजची हरीशचंद्र संशोधन संस्था. तिचे बस्तान तेव्हा अजून बसायचे होते.

मुंबई विद्यापीठातली ही पंधरा वर्षे त्या एका रविवारच्या बातमीपेक्षा मोठी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बावीसचा चौरस श्रीखंडे-बोस यांना सापडला नसता तर आज ना उद्या दुसऱ्या कोणाला सापडला असता. गणितात असे होते. पण मुंबईसारख्या परीक्षांच्या कारखान्यात संशोधक तयार करणारा विभाग आपोआप उगवत नाही. कोणीतरी तेथे बसून, वर्षानुवर्षे, एम. एस्सी.च्या वर्गातून एकेक विद्यार्थी हेरावा लागतो.

आणि म्हणूनच आजचे चित्र पाहून वाईट वाटते. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांची मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण, पुढच्या सत्रात आपण असू की नसू हे माहीत नसताना, विभाग चालवतात. अशा माणसाने दहा वर्षे लागतील असा प्रश्न हाती घ्यावा अशी अपेक्षा करणे हा क्रूर विनोद आहे. तो पुढच्या महिन्याच्या मानधनाचा हिशेब करील. ज्यांना पद आहे त्यांच्या गळ्यात मूल्यांकनाचे गुण, शोधनिबंधांची संख्या आणि मान्यता समित्यांच्या फायली. दरवर्षी २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, राष्ट्रीय गणित दिवस साजरा होतो. प्रतिमेला हार, रांगोळी स्पर्धा, एक व्याख्यान. ते अवश्य व्हावे. पण रामानुजन यांची गोष्ट आम्हाला सोयीची आहे, हेही कबूल करावे. दैवी प्रतिभेच्या गोष्टीत शासनाला, विद्यापीठाला काही करावे लागत नाही. प्रतिभा आकाशातून पडते, आपण फक्त हात जोडायचे. श्रीखंडे यांची गोष्ट गैरसोयीची आहे. तिच्यात नागपूरचे सरकारी महाविद्यालय लागते, कलकत्त्याची संस्था लागते, वीस वर्षे साथ देणारा गुरू लागतो, परतल्यावर पूर्णवेळ पद आणि विभाग उभा करण्याची मोकळीक लागते. यातले एकही आकाशातून पडत नाही.

त्यांचा पुतळा कोणी मागत नाही. नव्या अध्यासनाची घोषणाही नको, आधी आहेत ती पदे भरावीत. मुंबई आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी मनावर घेतले तर गणित विभागांतील रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरणे हेच श्रीखंडे यांचे पुरेसे स्मारक होईल. बाकीच्यांसाठी काम सोपे आहे. शाळा-महाविद्यालयांतील गणिताच्या शिक्षकांनी येत्या १९ ऑक्टोबरला, किंवा त्या दिवशी सुट्टी आल्यास पुढच्या तासाला, वर्गात पत्त्यांचा एक जोड न्यावा. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम असे सोळा पत्ते काढावेत आणि मुलांना सांगावे की चार बाय चारमध्ये असे मांडा की कोणत्याही ओळीत वा रांगेत ना रंग दोनदा येईल ना चित्र. मुले अर्ध्या तासात जमवतील. मग त्यांना सहाचे सांगावे आणि ते कधीच का जमणार नाही हेही सांगावे. भारत आणि पोलंडमधील भौतिकशास्त्रज्ञांनी, त्यांत आपल्या आयआयटी मद्रासचेही होते, २०२२ मध्ये दाखवले की अधिकाऱ्यांना क्वांटम अवस्था मानले तर छत्तिसांचाही मेळ बसतो. मुलांना हे ऐकायला आवडेल. शेवटी दहाचे सांगावे. दहाचे दोन चौरस परस्परांशी जुळतात हे १९५९ पासून माहीत आहे. तिन्ही एकमेकांशी जुळतील असे दहाचे तीन चौरस आहेत की नाहीत, हे मात्र एवढे संगणक हाताशी असूनही आजवर कोणाला सांगता आलेले नाही.